मोज्यांचा बॉल आणि नऊ ग्लोव्ह

या सुट्टीत मी सॉफ्टबॉलच्या शिबिरात पहिल्यांदाच अगदी लहान पोरं घेतली, सात ते दहा वर्षांची. एवढी वर्षं चौदा आणि सतरा वर्षांखालच्या मुलींनाच शिकवत आले, त्यांना निदान बॉल कुठून येतो आणि आपण कुठे उभं राहायचं एवढं तरी माहीत असतं. इथे चोवीस पोरं, नऊ ग्लोव्ह, चार बॅटी, आणि जळगावचा मे महिना म्हणजे पारा ४४ च्या वर, त्यामुळे सकाळी सहाला मैदानात आणि आठच्या आत घरी असा हिशोब. बऱ्याच जणांनी विचारलं एवढ्या लहानांना काय शिकवतेस, म्हणून सविस्तर लिहितेय. शाळेत किंवा सोसायटीत कुणाला सुरू करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी माझी गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पाचवीत होते तेव्हा पहिल्याच दिवशी मोठ्या मुलींच्या रांगेत मला उभं केलं, हातात माझ्या मापापेक्षा दुप्पट ग्लोव्ह, आणि समोरून सरळ बारा इंची बॉल आला. नाकावर बसला. रक्त आलं, तेव्हाचे सर म्हणाले काही होत नाही, धुऊन ये आणि परत उभी राहा. मी परत उभी राहिले खरी, पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं बॉल आला की मी तोंड फिरवायचे. सगळ्यांना वाटायचं हिला कॅच येत नाही. कॅच येत होता हो, मला बॉल दिसतच नव्हता, कारण शेवटच्या क्षणाला माझे डोळे मिटलेले असायचे. आणि तोंड फिरवलं की बॉल लागायचा धोका आणखी वाढतो, नाकाऐवजी कानावर, कानशिलावर बसतो.

नाव सॉफ्टबॉल असल्यामुळे आईवडिलांचा एक गैरसमज असतो की मऊ बॉल आहे, लागत नाही. नियमाचा बारा इंच घेराचा बॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे हा जास्त जड आणि आकारानेही मोठा. सात वर्षांच्या पोराच्या हातात तो मावतच नाही, ते बिचारं तो गोळाफेकीसारखा खांद्यावरून ढकलतं आणि तीच सवय लागते. त्यामुळे माझ्याकडे पहिला आठवडा बारा इंची बॉल पिशवीतून बाहेरच येत नाही, आणि पहिले तीन दिवस ग्लोव्हसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगितलं होतं की घरून जुने मोजे आणा, दोन जोड. एकात एक घालून गुंडाळी केली की मुठीएवढा बॉल होतो. मग जोडीजोडीने समोरासमोर, चार पावलांवर, आणि मी मुद्दाम सांगते की समोरच्याच्या छातीवर फेका, तोंडावर गेला तरी चालेल. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या तोंडावर मोजे बसतात आणि सगळी हसत सुटतात, काहींच्या मोज्यांना वास येतो त्यावरून वेगळाच गोंधळ. पण त्या हसण्यातच निम्मं काम होतं. तोंडावर काहीतरी आलं आणि काहीच झालं नाही, हे अंगाला कळलं पाहिजे, तोंडाने सांगून ते कळत नाही. मोज्यांनंतर स्पंजचा बॉल, मग टेनिस बॉल, मग आतून मऊ असलेला दहा इंची, आणि शेवटच्या आठवड्यात अकरा इंची. कुणी दोन दिवसांत पुढे सरकतं, कुणाला दहा दिवस लागतात, मी ढकलत नाही.

दोन वेण्या घालून येणारी एक मुलगी होती, दुसरीतून तिसरीत गेलेली. मोजे झाले, स्पंज झाला, टेनिस बॉलला अडकली. हात बरोबर जागी यायचे पण डोळे घट्ट मिटलेले. मी तिला एकदाही डोळे उघड म्हटलं नाही, कारण मला कितीतरी वेळा म्हटलेलं होतं आणि त्याने काही झालं नव्हतं. चार टेनिस बॉल घेतले आणि स्केचपेनने त्यांवर १ ते ४ आकडे मोठे मोठे लिहिले, प्रत्येक बॉलवर चारी बाजूंनी तोच आकडा. तिला सांगितलं, कॅच नाही धरलास तरी चालेल, फक्त आकडा ओरडायचा. मी खालून हळूच टाकायचे. पहिल्या दिवशी ती डोळे मिटूनच दोन! दोन! ओरडत होती, दर वेळी दोनच. दुसऱ्या दिवशी एक-दोन बरोबर आले, ते नशिबाने असतील. तिसऱ्या दिवशी मी तीनचा बॉल टाकला आणि ती तीन म्हणाली, पुढचा एकचा टाकला, एक म्हणाली, आणि तो एकचा बॉल तिच्या हातात होता हे तिला मागाहून कळलं. तिने बॉलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फक्त पुढचा टाकला. अशा वेळी टाळ्याबिळ्या वाजवल्या की पोर बावरतं आणि परत डोळे मिटतं, असा माझा अनुभव आहे.

कॅचिंगचा एकच नियम मी पोरांना पाठ करून घेते, अंगठ्याला अंगठा आणि करंगळीला करंगळी. बॉल छातीच्या वर असेल तर दोन्ही हातांची बोटं वर, अंगठे शेजारी शेजारी. कमरेच्या खाली असेल तर बोटं जमिनीकडे, करंगळ्या शेजारी शेजारी. सकाळी वॉर्मअपला नुसतं ओरडते, अंगठा! करंगळी! आणि पोरं हात वरखाली करतात, बॉल नसताना. ही साधी गोष्ट न शिकवल्यामुळे पोरं वर आलेला बॉलही ओंजळीत धरायला जातात, आणि तो ओंजळीवरून घसरून सरळ हनुवटीला. पोटासमोर आलेल्या बॉलला मात्र मोठ्यांचाही घोळ होतो, तिथे मी सांगते गुडघे वाकव, म्हणजे तोच बॉल छातीसमोर येतो.

जमिनीवरून येणाऱ्या बॉलसाठी डबा आणि झाकण. ग्लोव्ह म्हणजे डबा, तो आधीच जमिनीला टेकवून उघडा ठेवायचा, बॉल आत आला की दुसरा हात वरून झाकण. झाकणाचा फायदा असा की बॉल उसळून तोंडावर आला तर मध्ये हात असतो, आणि फेकायचा हात बॉलपाशीच असल्यामुळे लगेच काढून फेकता येतो. ग्लोव्ह खालून वर न्यायचा, वरून खाली नाही, कारण वरून खाली जाईपर्यंत बॉल पायांमधून गेलेला असतो. आमचं मैदान मुरमाचं, खडे असतात, कुठला बॉल कसा उसळेल भरवसा नाही, म्हणून मी बॅटने ग्राउंडर मारतच नाही लहानांना, गुडघ्यावर बसून हाताने सरपटत सोडते. रोज सकाळी आधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून खडे वेचायचे हाही कार्यक्रम असतो, आणि तो पोरांना फार आवडतो, कुणी किती वेचले याची स्पर्धा लागते.

आता थ्रो. इथे क्रिकेटची सवय आडवी येते. गल्लीत खेळलेलं पोर हात बाजूने फिरवून भिरकावतं, कोपर खाली, आणि पाय तर विचारूच नका. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे पडला पाहिजे, निम्मी पोरं उजवाच पाय टाकतात. तोंडाने सांगून ते सुधारत नाही, मी चार वर्षं सांगून बघितलंय. फक्कीने जमिनीवर पावलं काढायची, मागे आडवं पाऊल उजवं, पुढे टार्गेटकडे तोंड केलेलं पाऊल डावं, आणि मध्ये एक रेघ सरळ टार्गेटपर्यंत. पोर आधी दोन्ही पावलं मागच्या रेषेवर ठेवून आडवं उभं राहतं, ग्लोव्हचा हात समोरच्याकडे रोखतं, बॉलचा हात मागे, कोपर खांद्याच्या बरोबरीने, मग डावं पाऊल फक्कीच्या पावलात आणि थ्रो. थ्रो झाल्यावर हात थांबवायचा नाही, तो आडवा येऊन डाव्या गुडघ्यापाशी संपला पाहिजे. ज्यांचं कोपर खालीच राहतं त्यांना उजवा गुडघा टेकवून बसवते, म्हणजे पायांचा विषयच संपतो आणि फक्त खांदा, कोपर, मनगट एवढ्यावर लक्ष राहतं. बॉल तळहातात रुतवायचा नाही, बोटांवर घ्यायचा, मोठ्यांसारखं दोन-तीन बोटांत धरता येत नसेल तर चारही बोटं लावा, पण बॉल आणि तळहाताच्या मध्ये उजेड दिसला पाहिजे. हा उजेड शब्द पोरांनी लगेच उचलला, एकमेकांचे हात डोळ्यासमोर धरून तपासतात, ताई याला उजेड नाही!

एक गोष्ट मला मनापासून खटकते आणि ती सगळीकडे दिसते, रांग. सगळी पोरं एका रांगेत, समोर सर, एकेकाने यायचं, एक थ्रो करायचा आणि परत रांगेच्या मागे. हिशोब करून बघा, एका थ्रोला वीस सेकंद धरले तर तासाभरात १८० थ्रो, चोवीस पोरांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला सात-आठ. बाकीचा वेळ ते पोर माती उकरतं, पुढच्याची टोपी ओढतं, आणि मग आपण म्हणतो लहान मुलांचं लक्ष नसतं. जोड्या लावल्या तर तेवढेच थ्रो पाच मिनिटांत होतात. बॉल कमी असतील तर मोजे आहेतच. शिस्त जराशी बिघडलेली दिसते, आवाज खूप होतो, बघणाऱ्याला वाटतं या बाईला पोरं आवरत नाहीत, वाटू दे.

बॅटिंगला पोरं रोज पहिल्या मिनिटापासून विचारतात, ताई बॅटिंग कधी. मी तीही टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर, सुरू करते. विकतची टी महाग पडते म्हणून प्लंबरकडून पाइपचे तुकडे आणले, खाली सिमेंट भरलेला डबा, वर रबरी नळीचा वीतभर तुकडा, त्यावर बॉल ठेवायचा. नळी मऊ असल्यामुळे बॅट लागली तरी मोडत नाही. क्रिकेटवाली पोरं बॅट जमिनीला टेकवून वाकून उभी राहतात आणि सरळ बॅटने ढकलतात, तेव्हा त्यांना सांगावं लागतं की इथे मागे स्टंप नाहीत रे, काही वाचवायचं नाहीये, बॅट खांद्यापाशी वर धर आणि आडवी फिरव, झाडू मारल्यासारखी नाही, अंगणातल्या दोरीवरची चादर झटकल्यासारखी. फिरवताना मागच्या पायाची टाच उचलून मागे वळली पाहिजे, कंबर बॉलकडे उघडली पाहिजे, नुसत्या हातांनी मारलेला बॉल समोरून बॉल टाकणाऱ्या पिचरपर्यंतसुद्धा जात नाही.

पण बॅटिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो बॅट खाली ठेवण्यावर. क्रिकेटमध्ये बॅट घेऊन पळायचं असतं, इथे टाकून पळायचं, आणि लहान पोर टाकत नाही, भिरकावतं. मागे कॅचर असतो, शेजारी पुढचा बॅटर असतो. म्हणून नियम कडक आहेत. फक्कीचा मोठा गोल, त्यात फक्त बॅटर, हेल्मेट घातलेला. गोलाबाहेर कुणाच्याही हातात बॅट नाही, सराव म्हणून फिरवायचीसुद्धा नाही. मारल्यावर बॅट गोलाच्या आत जमिनीवर सोडायची, बाहेर पडली तर आऊट, मग बॉल कितीही लांब गेला असू दे. हा नियम पुस्तकातला नाही, माझा आहे. तो पाळण्यापायी शिबिराच्या शेवटच्या मॅचमध्ये एक गंमत झाली, एका पोराने मस्त मारला, बॅट हातात घेऊनच पळाला, पहिल्या बेसच्या (पळून गाठायच्या चार ठिकाणांपैकी पहिलं) अर्ध्यात त्याला आठवलं, तसाच वळून परत आला, गोलात बॅट नीट आडवी ठेवली, आणि पुन्हा पळाला. आऊट झाला अर्थातच. मी त्याला जवळ घेतलं. मला त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्ले तोच वाटला.

बेसवर पळण्याचं म्हणाल तर दोनच गोष्टी पुरतात. पहिल्या बेसवर थांबायचं नाही, जोरात ओलांडून जायचं, तो बेस दुहेरी असतो, आतला पांढरा फील्डरचा आणि बाहेरचा केशरी पळणाऱ्याचा, म्हणजे टक्कर होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र ब्रेक, ओलांडलं आणि बॉल लावला की आऊट. नियमाने दोन बेसमध्ये साठ फूट असतात, मी लहानांना चाळीस फुटांवर आणते. आणि फोर्स आऊट, म्हणजे कधी नुसता बेसवर पाय ठेवून आऊट होतो आणि कधी अंगाला बॉल लावावा लागतो, हे मोठ्या पोरांनाही महिनाभर कळत नाही. एसटीची सीट सांगितली की कळतं. एका सीटवर एकच माणूस, मागून दुसरा आला की तुला उठून पुढे जावंच लागतं, तेव्हा पुढच्या सीटवर कुणी बॉल घेऊन तुझ्या आधी पोचला तर तू गेलास. मागून कुणी येत नसेल तर तुला उठायची सक्ती नाही, मग तुला आऊट करायचं तर येऊन अंगाला बॉल लावा.

पिचिंग मी या वयाला शिकवत नाही, यावर आईवडील नाराज होतात. नऊ-दहा वर्षांच्या दोघी-तिघींना फक्त मनगटाचा झटका दाखवला, मांडीजवळून बॉल सोडायचा एवढाच, पूर्ण हात फिरवणं नंतर. मॅचमध्ये पिचिंग मीच करते, सोपी, कारण लहान पोराने पिचिंग केली की चार बॉल बाहेर, वॉक म्हणजे बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, परत चार बॉल, वॉक, आणि आठ फील्डर उन्हात नुसते उभे.

पाणी दर पंधरा मिनिटांनी, तहान लागली का विचारायचं नाही, सगळ्यांनी प्यायचंच. साडेसातला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक, हे पोरांच्या आया पाळीने आणायच्या. त्या वेळात सावलीत बसून मी गोष्टी सांगते. सॉफ्टबॉल कसा जन्मला ती १८८७ सालची शिकागोची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, थंडीचे दिवस, क्लबातली मंडळी आत अडकलेली, कुणीतरी बॉक्सिंगचा जुना ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने काठीने मारला, आणि जॉर्ज हॅनकॉकने तो ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचा बॉल केला, झाडूचा दांडा झाली बॅट. दुसऱ्या दिवशी चार पोरं घरून सुतळीने बांधलेले कपड्यांचे बॉल घेऊन आली, आणि एकाने खरोखर झाडूचा दांडा आणला, त्याच्या आईने संध्याकाळी फोन केला.

दुसरी गोष्ट जपानची पिचर युकिको उएनो हिची. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले आणि फायनलला अमेरिकेला हरवलं. मग ऑलिम्पिकमधून खेळच काढून टाकला. टोकियोला परत आला तेव्हा ती ३९ वर्षांची होती, तिनेच पुन्हा फायनलची सुरुवात केली, आणि पुन्हा अमेरिकेला हरवलं. ही गोष्ट मी पोरींसाठी सांगते, पण परवा एक आजी नातीला सोडायला आल्या होत्या त्या बसून राहिल्या आणि म्हणाल्या, तेरा वर्षं ती काय करत होती मग? मी म्हटलं खेळत होती आजी, ऑलिम्पिक नसलं तरी खेळत होती. आता २०२८ ला लॉस एंजेलिसच्या वेळी सॉफ्टबॉल परत आहे.

पालकांबद्दल एकच. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि आमच्याकडे जळगावात काय किंवा अमरावती-पुण्यात काय, सॉफ्टबॉल शालेय स्पर्धेत चांगला चालतो, त्यामुळे पोर सात वर्षांचं असतानाच विचारणा सुरू होते की राज्याला कधी जाईल. मी चिडत नाही, ज्या घरात नोकरी हा मोठा प्रश्न आहे तिथे हे विचारणारच. फक्त एवढंच सांगते की सात वर्षांच्या पोरीला तुम्ही बाहेरून ओरडून धाव, सोडू नको, काय करतेस असं म्हणत राहिलात तर ती बॉलकडे बघणार नाही, तुमच्याकडे बघेल. आणि बॉल तेव्हाच येतो. ते ऐकतात. दोन बाबा तर आता रोज पहाटे मला फक्की मारून देतात.

राहता राहिला आमचा डावखुरा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो, आणि माझ्याकडचे नऊच्या नऊ ग्लोव्ह तसलेच. तो आठ वर्षांचा, डाव्या हाताने असा सुंदर फेकतो की कोपर, पाय, सगळं आपोआप जागेवर. पण ग्लोव्ह डाव्या हातात घालावा लागतो म्हणून कॅच धरल्यावर आधी ग्लोव्ह काढतो, काखेत दाबतो, मग डाव्या हाताने फेकतो, तोवर पळणारा पुढच्या बेसवर. दोघा-तिघांनी सुचवलं की उजव्या हाताने फेकायला शिकव, लहान आहे, वळेल. मी नाही म्हटलं. पहिल्या बेसवर डावखुरा उभा असला तर ग्लोव्ह आपोआप मैदानाच्या बाजूला येतो, दुसऱ्या बेसकडे फेकायला त्याला वळावं लागत नाही, मोठ्या टीम असा पोरगा शोधत असतात. त्याच्या हाताचा ग्लोव्ह मिळेपर्यंत त्याला ग्लोव्हशिवाय मऊ बॉलनेच खेळवला.

दुकानदाराला सांगून उजव्या हातात घालायचा दहा इंची ग्लोव्ह मेरठहून मागवलाय. सोमवारी येईल म्हणालेत. पोराला अजून सांगितलेलं नाही, पण त्याच्या आईला सांगितलं, आणि त्यांनी विचारलं की नवीन ग्लोव्ह कडक असतो म्हणतात, तेल कुठलं लावायचं. मी म्हटलं तेल थोडंसंच, आणि रात्री आत बॉल ठेवून दोरीने बांधून ठेवा, महिनाभर रोज.